भर मे महिन्यात पवनेवर गळाची स्पर्धा घ्यायची असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. क्लबची दोन दिवसांची स्पर्धा मेच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी पुण्याजवळच्या पवना नदीवर, धरणाच्या खाली आणि रावेतच्या वर घ्यायची आहे. पंचवीसेक जण येतील. गेल्या वर्षी सकाळी सात ते दुपारी एक अशी वेळ ठेवली होती, वजन शेवटी एकदम केलं, आणि सोडलेल्या माशांपैकी बरेच दुसऱ्या दिवशी पोट वर करून तरंगत होते. गावकऱ्यांनी ते तुम्हाला बोलावून दाखवले. त्यातच एका ज्येष्ठ सभासदाला चक्कर आली. आता कुणी म्हणतं पहाटे पाचला सुरू करा, कुणी म्हणतं रात्री घ्या, कुणी म्हणतं दिवाळीपर्यंत थांबा. काय करावं?

मी सव्वीस वर्षं पुण्याच्या आसपासच्या पाण्यावर गळ टाकतोय, आणि त्यातली चौदा वर्षं स्पर्धांमध्ये पंचाचं आणि वजनाचं काम केलंय. माझं मत स्पष्ट आहे. स्पर्धा घ्या, पण कीपनेट, म्हणजे पकडलेले मासे वजनापर्यंत पाण्यात कोंडून ठेवायची जाळी, पूर्ण बंद करा, प्रत्येक मासा पकडल्या जागी मोजून लगेच पाण्यात सोडा, आणि एका दिवसात चार तासांपेक्षा जास्त वेळ गळ टाकू देऊ नका. पहाटे की संध्याकाळी हा प्रश्न त्यानंतरचा. त्याचं उत्तरही घड्याळात बघून मिळत नाही, पाणी वाहतंय की साचलंय ते बघून मिळतं.

आधी मासे मेले का, ते समजून घेऊ. ते कळलं की बाकीचे नियम कुणाला पटवून द्यावे लागत नाहीत.

मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो, आणि पाणी जितकं गरम तितका प्राणवायू त्यात कमी मावतो. वीस अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, तीस अंशांना साडेसात. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, म्हणून आपल्याकडे त्याहूनही थोडा कमी, सातच्या आसपास. हे झालं स्वच्छ पाण्याचं. सांडपाणी मिसळलेलं असेल, तळाला गाळ कुजत असेल तर त्यातलाही बराच भाग तिथेच खर्च होतो. दुसरीकडे मासा थंड रक्ताचा प्राणी. पाणी दहा अंशांनी तापलं की त्याच्या शरीराची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते. म्हणजे मे महिन्यात पुरवठा घटलेला आणि मागणी वाढलेली. त्यात आपण त्याला गळावर पाच-सात मिनिटं झुंजवतो, दमवतो, मग हवेत उचलतो, फोटो काढतो आणि दहा-बारा माशांबरोबर एका जाळीत उथळ, तापलेल्या पाण्यात तीन-चार तास कोंडून ठेवतो. त्याला त्या दमणुकीतून सावरायला प्राणवायू हवा असतो, आणि नेमका तोच तिथे नसतो.

यात फसगत करणारी गोष्ट अशी की असा मासा सोडल्यावर पोहत जातो. शेपटी हलवतो, खोल पाण्यात दिसेनासा होतो. आपल्याला वाटतं, काम झालं.

माझ्या हातून झालेलं सांगतो. काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या अखेरीस भीमेवरच्या एका बंधाऱ्याच्या वरच्या फुगवट्यात आम्ही स्पर्धा घेतली होती. वजनाची वही माझ्याकडे. साडेबाराला शिट्टी वाजली, सगळ्यांची कीपनेट एकेक करून प्लास्टिकच्या घमेल्यांत ओतली, ती घाटाच्या पायऱ्यांवरून वर नेली, काट्यावर चढवली. घाटाचा दगड असा तापला होता की अनवाणी उभं राहवत नव्हतं, आणि त्याच दगडावर दोन मोठे सायप्रिनस (कॉमन कार्प) हातातून निसटून पडले. सगळं आटोपून मासे सोडले तेव्हा ते पोहत गेले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या दिवशी विसरलेल्या खुंट्या आणायला मी एकटा परत गेलो. जलपर्णीच्या कडेला मासे अडकलेले होते, फुगलेले. त्यातले दोन मी ओळखले. एकाचं वजन मी स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं होतं, चार किलो तीनशे. त्यानंतर मी उन्हाळ्यात कीपनेट लावलेलं नाही, आणि ज्या स्पर्धेत ते लावतात तिथे पंच म्हणून जात नाही.

आता पहाटेचं. उन्हाळ्यात पहाट चांगली हे सगळेच सांगतात आणि माणसांसाठी ते खरंही आहे. पाण्यासाठी मात्र ते अर्धंच खरं. शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा उजेडात प्राणवायू तयार करतात, पण रात्रभर त्याही श्वास घेतात, आणि मासे, गाळातले जीवाणू हे सगळे मिळून तो साठा संपवत आणतात. त्यामुळे हिरव्या, साचलेल्या पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो नेमका सूर्योदयाच्या सुमाराला. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळताना दिसतात ते त्यामुळेच. नवखा गळवाला ते बघून खूश होतो, मासे वर आलेत म्हणतो. ते जेवायला वर आलेले नसतात, गुदमरलेले असतात. अशा माशाला गळावर झुंजवणं म्हणजे दम्याच्या रोग्याला जिना चढायला लावण्यासारखं.

म्हणून माझा नियम असा की साचलेल्या पाण्यावर, म्हणजे बंधाऱ्याच्या फुगवट्यात किंवा तलावात, सूर्योदयानंतर निदान दीड तास थांबायचं. साडेसात ते साडेदहा ही वेळ बरी. वाहत्या पाण्यावर, जिथे खडकांवरून खळाळ आहे, तिथे पाणी रात्रीही हवा घेत राहतं. तिथे पहिल्या उजेडात सुरू करायला हरकत नाही, कारण नदीचं पाणी त्याच वेळी सगळ्यात थंड असतं. पाणी हवेपेक्षा सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. हवेचा उकाडा दुपारी तीनच्या आसपास शिगेला असतो, नदीचा त्यानंतर, चार-पाचला. म्हणून ऊन उतरलं की संध्याकाळी घेऊ, असं म्हणणाऱ्यांना मी थर्मामीटर दाखवतो. शनिवारी संध्याकाळी पाचला पाय बुडवून बघा, पाणी कोमट लागेल. त्यातल्या त्यात संध्याकाळी प्राणवायू दिवसातला सगळ्यात जास्त असतो, एवढंच तिच्या बाजूने बोलता येईल.

तुमची जागा या दृष्टीने चांगली आहे. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडसाठीचं पाणी नदीतूनच सोडतात आणि रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात. त्यामुळे मे महिन्यात आजूबाजूच्या नद्यांची डबकी झालेली असतात, तेव्हाही या पट्ट्यात पाणी हलतं असतं. खडकवासल्याच्या खाली मुठेत अशी परिस्थिती नाही. तिथलं पाणी कालव्याने जातं आणि शहरातल्या पात्रात उरतं ते बरंचसं सांडपाणी. शहराच्या आत उन्हाळ्यात स्पर्धा घेऊच नका. मात्र पवनेवरच्या या सोयीला दुसरी बाजू आहे. वरून सोडणं वाढलं की पातळी चढते, आणि काठावर बसलेल्याला ते कुणी येऊन सांगत नाही. पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयात आधी जाऊन त्या दोन दिवसांचं नियोजन विचारा. स्पर्धेच्या दिवशी पाण्याच्या कडेला एक खुंटी ठोका, तिच्यावर रंगाची खूण करा आणि एका माणसाला दर अर्ध्या तासाने ती बघायचं काम द्या. नदीच्या मधल्या खडकावर जाऊन बसणाऱ्याला तर पहिल्याच सूचनेत बाद करायची ताकीद द्या. वाळूउपशाचे जुने खड्डे या सगळ्याच नद्यांत आहेत. गुडघाभर पाण्यात पुढचं पाऊल डोक्याएवढ्या पाण्यात पडतं.

परवानगीचं एका वाक्यात: धरणांचे जलाशय मासेमारीसाठी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, नदीच्या पट्ट्यातही स्थानिकांचे हक्क असतात, म्हणून संस्था, ग्रामपंचायत आणि मत्स्यव्यवसाय खातं या तिघांशी आधी बोला आणि जे ठरेल ते लेखी घ्या.

आता जागेवरच्या वजनाची पद्धत, कारण सगळी स्पर्धा तिच्यावर उभी आहे. पंचवीस जणांना पाच गटांत वाटा आणि प्रत्येक गटाला एक पंच द्या. दोन जागांमध्ये निदान बारा पावलं अंतर ठेवा, म्हणजे पंच हाकेच्या अंतरात राहतो. जागा चिठ्ठ्या टाकूनच द्या, पण गट असे पाडा की प्रत्येक गटात सावलीच्या आणि उन्हाच्या जागा मिसळलेल्या असतील. गुण गटापुरते द्या, म्हणजे गटात पहिला त्याला एक, दुसऱ्याला दोन, आणि दोन दिवसांची बेरीज कमी त्याचा नंबर वर. असं केलं की एकाच नशीबवान जागेवर सगळी स्पर्धा जात नाही. सावलीवरून होणारी भांडणंही निम्मी मिटतात.

मासा लागला की स्पर्धकाने हात वर करून पंचाला हाक मारायची आणि मासा हातजाळीत घेऊन ती जाळी पाण्यातच धरून ठेवायची. जाळी खोल आणि गाठी नसलेली हवी, तोंड प्रवाहाकडे. पाण्यात असलेला मासा चार मिनिटं आरामात थांबतो, हवेतला एक मिनिटसुद्धा नाही. पंच आला की गळ पाण्यातच चिमट्याने काढायचा. मग मासा ओल्या कापडी झोळीत, झोळी टांगत्या डिजिटल काट्यावर, आकडा मोठ्याने वाचायचा, दोघांनी वहीत सही करायची ती नंतर. मासा आधी पाण्यात. झोळीचं ओलं वजन सकाळी एकदा घेऊन ठेवा आणि वजा करा. मी पंचांना मोठ्याने एक ते तीस मोजायला लावतो. तीसच्या आत मासा परत पाण्यात गेला नाही तर तो मासा गुणांतून बाद. पहिल्या वर्षी कुरबुर झाली, दुसऱ्या वर्षी सभासद स्वतःच पंचाच्या आधी मोजायला लागले.

हात आधी पाण्यात बुडवून ओले करायचेच. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं कवच आहे. कोरड्या तळव्याला, टॉवेलला, तापलेल्या दगडाला तो चिकटून निघतो आणि त्या जागी चार दिवसांनी बुरशी धरते. मासा कल्ल्यांत बोटं घालून उचलणाऱ्याला मी जागेवर थांबवतो, तो कितीही जुना सभासद असो. सोडताना माशाचं तोंड प्रवाहाकडे करून पोटाखाली हात द्यायचा आणि वाट बघायची. पुढे-मागे हिसके द्यायची सवय बऱ्याच जणांना असते. पाणी तोंडातून आत आणि कल्ल्यांतून बाहेर, ही त्याच्या श्वासाची दिशा. मागे ओढलं की ती उलटी होते. तो स्वतः शेपटीने हात झटकून जाईपर्यंत धरा, मग लागू देत दोन मिनिटं.

गळ बिनकाट्याचे सक्तीचे करा. बाजारात मिळाले नाहीत तर साध्या गळाचा काटा पक्कडीने चेपून टाका, काम तेच होतं. मासे सुटतात म्हणून ओरड होईल. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ताणून ठेवणाऱ्याचे सुटत नाहीत. आणि एक नियम असा घाला जो ऐकायला उलटा वाटतो: दोरी अमुक ताकदीपेक्षा बारीक वापरायची नाही. मी दहा पौंडांची किमान ठेवतो. बारीक दोरीवर मोठा मासा दमवून आणण्यात कसब आहे, मान्य. पण पंधरा मिनिटं झुंजलेला सायप्रिनस तीस अंशांच्या पाण्यात सावरत नाही. हिवाळ्यात दाखवा ते कसब.

पाण्याचं तापमान हाच खरा पंच. मत्स्यटाकीसाठी मिळतो तो साधा थर्मामीटर पुरतो. वीतभर खोल, सावलीत, पाच मिनिटं धरून वाचा. माझे आकडे अनुभवातून आलेले आहेत: २८ अंशांपर्यंत नेहमीसारखं चालू द्या. २८ च्या वर गेलं की हवेतला वेळ तीसऐवजी वीस सेकंद आणि फोटो बंद. ३१ ला शिट्टी वाजवून स्पर्धा संपवा, घड्याळात काहीही वाजले असोत. हा आकडा आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर ज्याला शेवटच्या तासात मोठा मासा लागायचा होता तो वर्षभर तुमच्याशी बोलणार नाही.

कुठला मासा मोजायचा यावरही विचार करा. या पट्ट्यात तुम्हाला मुख्यतः सायप्रिनस, चिलापी, रोहू, मृगळ आणि कधी कटला, मरळ किंवा शिवडा लागेल. चिलापीचं मी वेगळं ठेवतो. हा आफ्रिकेतला मासा, १९५० च्या दशकात भारतात आणलेला, आणि आता आपल्या नद्या-तलावांत घरचा होऊन बसलाय. उन्हाळ्यात उथळ पाण्यात बशीसारखी घरटी करून पिल्लं वाढवतो आणि स्थानिक माशांची जागा खातो. चिलापी परत सोडायचा नाही, त्याचा स्वतंत्र गट आणि स्वतंत्र बक्षीस ठेवायचं. बर्फाच्या पेटीत जमा करा आणि शेवटी गावाला किंवा मच्छीमार संस्थेला द्या. ज्या जुन्या सभासदांना मासा पकडून घरी न्यायचा नाही हे काही केल्या पटत नाही, त्यांची समजूतही यातून निघते. शहराच्या वरच्या स्वच्छ पाण्यातला चिलापी तळून उत्तम लागतो. थाई मांगूर हाही बाहेरून आलेला मासा, तो लागला तर तोही परत पाण्यात नको.

आणि महासीर. या माशाबद्दल मी जरा जास्त बोलतो, कारण पुण्याच्या माणसाने बोललं पाहिजे. दख्खनच्या महासीरचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. विल्यम हेन्री साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली त्याचं वर्णन केलं ते आपल्या मुळा-मुठेतल्या माशावरून. सगळ्या जगाने हा मासा ओळखला तो पुण्याच्या नदीतून. आज त्या नदीत, संगमावर उभं राहून, महासीरची आशा कुणी करणार नाही. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने सत्तरच्या दशकापासून महासीरची पिल्लं तयार करून ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली, आणि देहूला इंद्रायणीच्या डोहात भाविकांच्या श्रद्धेमुळे हा मासा राखला गेला. देहू-आळंदीच्या पट्ट्यात गळ टाकायचा नाही, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. तुमच्या स्पर्धेत महासीर लागला तर त्याला वजन नाही, गुण नाहीत, जाळीतही घ्यायचा नाही. पाण्यातच गळ काढून जाऊ द्यायचा. ज्याला लागला त्याचं नाव शेवटी माइकवरून घ्या आणि एक नारळ द्या. आमच्याकडे लोक त्या नारळाची ट्रॉफीएवढी वाट बघतात.

खेळाबद्दलही थोडं सांगतो, कारण तुमच्याकडे नवे सभासद बरेच आहेत आणि उन्हाळ्यात त्यांच्या चुका ठरलेल्या असतात. पहिली चूक चाऱ्याची. हिवाळ्यासारखे शेंगदाणा पेंडीचे मोठे गोळे टाकले जातात. गरम पाण्यात पेंड दोन तासांत आंबते, तळाशी कुजते आणि आधीच कमी असलेला प्राणवायू खाते. मासे त्या जागेपासून लांब जातात. लिंबाएवढे गोळे, वीस-वीस मिनिटांनी, पेंड कमी आणि भाजलेला तांदळाचा कोंडा, कुरमुऱ्यांचा चुरा जास्त. प्रत्येकाला चार तासांसाठी एक किलोची मर्यादा घाला. आमिषाची कणिक पाणी कमी घालून घट्ट मळावी, चिमूटभर हळद आणि बडीशेपेची पूड घालावी, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावी. तापली की ती गळावरून सुटते आणि माणूस अर्धा तास रिकामा गळ टाकून बसतो. गांडुळं मातीच्या मडक्यात, वर ओलं गोणपाट.

दुसरी चूक जागा वाचण्याची. उन्हात मासा तीन ठिकाणी असतो: खळाळ संपून जिथे पाणी खोल होतं तिथे, काठावरच्या वाळुंज-करंजाच्या सावलीत, आणि डोहाच्या बुडाशी, पण तिथे प्राणवायू असेल तरच. बंधाऱ्याच्या वरच्या साचलेल्या डोहाचं बूड उन्हाळ्यात अनेकदा मेलेलं असतं. गाळाला कुजक्या अंड्यासारखा वास आला तर तळाला शिसं टाकून बसू नका, तरंगा लावून मध्यावर या. कटला तसाही वरच्या थरातला मासा, त्याचा खालचा जबडा बघितला की कळतं. वारा सुटून पाण्यावर लहरी आल्या की तो त्या बाजूला सरकतो. मृगळ मात्र तळाचा. सायप्रिनस सकाळी लवकर खातो आणि नऊनंतर मंदावतो, चिलापीला उन्हाचं सोयरसुतक नसतं.

माणसांकडे येतो. तुमच्या ज्येष्ठ सभासदाला आलेली चक्कर तुम्ही सहज लिहिलीत, मला ती माशांपेक्षा गंभीर वाटली. नदीकाठी गार वाटतं, वारा असतो, आणि म्हणून माणूस पाणी प्यायचं विसरतो. शिवाय पाण्यावरून परावर्तित होणारं ऊन खालून चेहऱ्यावर येतं, टोपीने ते अडत नाही. साठीच्या पुढच्यांना तहान उशिरा कळते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवून अंगातलं पाणी आणखी कमी करतात. त्यांनी स्पर्धेआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं आणि नोंदणीच्या अर्जावर गोळ्यांची नावं लिहावीत. हे कुणाला चौकशी वाटली तरी चालेल.

प्रत्येकाला तीन लिटर पाणी सक्तीचं, शिवाय पंचांकडे ओआरएसची पाकिटं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पन्हं, कोकम सरबत, ताक सगळं चालेल. बीअर नको, आणि ती चोरून आणली जाते हे आपल्याला माहीत असतं, म्हणून नियमातच लिहा. पंचाने दर तासाला आपल्या गटातल्या प्रत्येकाशी दोन वाक्यं बोलावीत. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अडखळायला लागला, अंग तापलं, तर तो उष्माघात धरा. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं समजू नका. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ लावावा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. चिलापीच्या पेटीतला बर्फ सोडून वेगळी एक बर्फाची पेटी माणसांसाठी ठेवा आणि तिच्यावर तसं लिहा. गाडी काठापासून किती मिनिटांवर उभी आहे आणि चावी कुणाकडे आहे, हे पाचही पंचांना माहीत हवं.

वळवाचं विसरू नका. मेच्या दुपारनंतर मावळात ढग चढायला वेळ लागत नाही. हल्लीच्या काठ्या कार्बनच्या असतात, वीज वाहून नेणाऱ्या, आणि आपण त्या उभ्या धरून पाण्याकाठी उघड्यावर असतो. गडगडाट ऐकू आला की काठ्या आडव्या ठेवून सगळे गाड्यांत, एकट्या झाडाखाली नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं, वीज पडण्याची सूचना देणारं दामिनी ॲप सगळ्या पंचांच्या फोनवर असू द्या. विजेच्या तारा वरून जातात त्या पट्ट्यात जागा आखूच नका.

या सगळ्यातून तुमचं वेळापत्रक असं निघतं. शनिवारी साडेपाचला चिठ्ठ्या, सव्वासहा ते सव्वादहा गळ, अकरापर्यंत सगळे झाडाखाली किंवा गावच्या मंदिरात. संध्याकाळचं सत्र नको. त्या वेळात नव्यांना गाठी बांधायला आणि झोळी वापरायला शिकवा. रविवारी तसंच, साडेदहाला बक्षिसं. जाताना प्रत्येकाने आपल्या जागेवरचे तंगुसाचे तुकडे वेचून पंचाला दाखवायचे, मगच सही. बगळ्याच्या पायात गुंडाळलेला तंगूस मी कापून काढलाय, पाय वाचला नाही. आणि सुट्ट्यांमुळे गावातली मुलं पोहायला येतात, बायका धुणं घेऊन येतात. घाटाच्या दोन्ही बाजूंना शंभर पावलं जागा आखू नका. घाट त्यांचा आहे.

आता एक काम तुम्ही करा. आधीच्या रविवारी त्या पट्ट्यात जा आणि सकाळी सहाला, दहाला आणि दुपारी चारला पाण्याचं तापमान घ्या. एकदा खळाळाच्या खाली आणि एकदा बंधाऱ्याच्या फुगवट्यात. पहाटे मासे वर तोंड काढताना दिसतात का तेही बघा. ते सहा आकडे मला कळवा, मग जागा नेमक्या कुठून कुठपर्यंत आखायच्या ते नकाशावर बसून ठरवू. झोळ्या माझ्याकडे चार आहेत आणि काटे दोन. शुक्रवारी संध्याकाळी येऊन घेऊन जा.